वचन वाचलं, आता पाळायचं कसं? उताऱ्यापासून कृतीपर्यंतच्या पायऱ्या

३१ डिसेंबरच्या रात्री उपासना संपत आली की बऱ्याच मंडळ्यांत वचनांच्या चिठ्ठ्यांचं ताट फिरतं. ज्याला जी चिठ्ठी येईल ते त्याचं वर्षाचं वचन. कुणाला यिर्मया २९:११ येतं (तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत), कुणाला फिलिप्पैकर ४:१३ (मला सामर्थ्य देणाऱ्याच्या योगे मी सर्व काही करू शकतो). चिठ्ठी पाकिटात किंवा मोबाइलच्या कव्हरमागे जाते. जून उजाडतो, नोकरी लागलेली नसते, आजार हटलेला नसतो, आणि माणूस दोनपैकी एका ठिकाणी येऊन थांबतो: देवानं शब्द पाळला नाही, किंवा माझाच विश्वास कमी पडला. बहुतेक वेळा दोन्ही खरं नसतं. ते वचन कुणाला, कधी आणि कशासाठी सांगितलं होतं हे बघायचंच राहून गेलेलं असतं.

ज्यांना वचन मनापासून पाळायचं आहे, पण रविवारचं वाचन आणि सोमवारचं जगणं यांचा सांधा जुळत नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. घरगुती प्रार्थनेत, तरुण संघात, महिला मंडळात एकच गडबड पुन्हा पुन्हा दिसते, ती क्रमाची. ‘यातून मला काय?’ हा प्रश्न चांगला आहे, पण त्याची पाळी उशिरा येते. तो आधी विचारला की उतारा बोलायच्या आत आपणच त्याच्या तोंडी शब्द घालतो.

## बसण्याआधीची तयारी

बायबल. शक्यतो छापील घ्या. मोबाइलवर एक ओवी दिसते आणि तिचं आजूबाजूचं घरदार दिसत नाही. मंडळीत वाचतात ती प्रत आणि जोडीला सोप्या मराठीतली एखादी प्रत जवळ ठेवा. एकीत वाक्य अडलं तर दुसरीत उलगडतं. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं असतात, प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६. घरात दोन्ही परंपरांची माणसं असतील तर दोघांकडे असलेलं पुस्तक निवडा.

वही. उजव्या-डाव्या पानांवर मिळून चार मथळे घाला: तेव्हा, सार, आता, कृती. वहीशिवाय हे जमत नाही, कारण मनातल्या मनात केलेला निश्चय संध्याकाळपर्यंत विरून जातो.

वेळ. रोजचं वाचन चालू द्या, पण खाली दिलेली पूर्ण पद्धत आठवड्यातून एकदाच वापरा. अर्धा-पाऊण तास लागतो. सकाळी नळ, डबे आणि रिक्षा यांच्या धांदलीत हे होणार नाही. शनिवारची रात्र किंवा रविवारची दुपार बरी. आठवड्याला एक उतारा नीट पाळला गेला तर तो रोज चाळलेल्या तीन अध्यायांपेक्षा जास्त काम करतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुस्तक. डोळे मिटून बायबल उघडून बोट ठेवायचं नाही. एक पुस्तक पहिल्या अध्यायापासून घ्या. नवख्यानं मार्क घ्यावं, १६ अध्याय आहेत. रोजच्या वागण्यासाठी याकोबाचं पत्र फार उपयोगी, पाचच अध्याय. प्रकटीकरणापासून सुरुवात करू नका.

प्रार्थना. लहानच करा, पण तिच्यात एक गोष्ट नक्की असू द्या: जे सापडेल ते मी करीन. योहान ७:१७ मध्ये प्रभू येशू म्हणतो की देवाच्या इच्छेप्रमाणे करण्याची ज्याची तयारी आहे त्याला शिकवण कुठली आहे ते समजेल. तयारी आधी, समज मागून.

> सावध: घरात भांडण झालं त्याच दिवशी भांडणावरची वचनं शोधायला बसू नका. त्या दिवशी सापडणारी प्रत्येक ओवी समोरच्यालाच लागू पडते. त्या दिवशी एखादं स्तोत्र वाचा आणि झोपा.

## १. ओवी सोडा, उतारा धरा

ओव्यांचे आकडे मूळ लिखाणात नव्हते, ते शेकडो वर्षांनी सोयीसाठी घातले गेले. म्हणून आकड्यापाशी सुरुवात किंवा शेवट करायची सक्ती नाही. विषय जिथे सुरू होतो तिथपर्यंत मागे जा, जिथे संपतो तिथपर्यंत पुढे जा. यिर्मया २९:११ हवं असेल तर किमान २९:१ ते १४ वाचा, आणि शक्य असेल तर आधीचा २८ वा अध्यायही. दोनदा वाचा, त्यातलं एकदा मोठ्यानं.

> तपासणी: बायबल मिटा आणि उताऱ्यात काय घडलं ते घरातल्या कुणाला तरी चार-पाच वाक्यांत सांगा. सांगता आलं नाही तर पुढे जाऊ नका, पुन्हा वाचा.

## २. कोण बोललं, कुणाला, कशासाठी

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या, आणि सापडेल ते ‘तेव्हा’ या मथळ्याखाली लिहा.

यिर्मया २९ हे एक पत्र आहे. नबुखद्नेस्सर राजानं यरुशलेमातून यखन्या राजाला, सरदारांना आणि कारागिरांना कैद करून बाबेलला नेलं होतं. यिर्मया मागे यरुशलेमात होता आणि त्यानं या बंदिवानांना पत्र धाडलं. २८ व्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगतो की दोन वर्षांच्या आत सगळे परत येतील. ऐकायला गोड होतं, पण खोटं होतं. यिर्मयाचं पत्र त्याच्या अगदी उलट: घरं बांधा, मळे लावा, मुलामुलींची लग्नं करा, ज्या शहरात तुम्हांला नेलं त्या शहराचं हित पाहा आणि त्याच्यासाठी परमेश्वराची प्रार्थना करा, कारण त्याच्या हितात तुमचं हित आहे. मग १० व्या ओवीत मुदत येते, सत्तर वर्षं. म्हणजे ते पत्र ऐकणाऱ्या चाळिशीतल्या माणसाला कळून चुकलं की आपली हाडं बाबेलातच पडणार. आणि त्यानंतर ११ वी ओवी येते, की तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत, तुम्हांला आशा आणि भविष्य द्यायचं आहे.

हे कळल्यावर ते वचन लहान होत नाही, उलट फार मोठं होतं. ज्यांचं दुःख त्यांच्या हयातीत संपणार नव्हतं त्यांना ते दिलं होतं. ‘लवकरच सगळं ठीक होईल’ हा निरोप हनन्याचा होता. आज ११ वी ओवी हनन्याच्या सुरात वाटली जाते, आणि तिथेच लोकांचा विश्वास ठेचकाळतो.

बोलणारा कोण हेही पाहा. दुकानाच्या उद्घाटनाला ईयोब ८:७ हौसेनं घालतात, की तुझा आरंभ अल्प असला तरी शेवट फार मोठा होईल. हे शब्द ईयोबाचा मित्र बिल्दद बोलला. तो मुलं गमावून बसलेल्या बापाला सांगत होता की तू निर्दोष असशील तर देव तुझं भलं करीलच, आणि मुलांनी पाप केलं म्हणून ती गेली. पुढे ४२:७ मध्ये देव म्हणतो की या मित्रांनी माझ्याविषयी योग्य ते सांगितलं नाही. मत्तय ४:६ मध्ये तर सैतानच ९१ वं स्तोत्र म्हणून दाखवतो. म्हणजे ओवी पाठ असणं आणि ती बरोबर लावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

> तपासणी: मी काढलेला अर्थ त्या उताऱ्याच्या पहिल्या ऐकणाऱ्याला सांगितला तर तो मान डोलावेल, की ‘आम्हांला असं कुणी म्हटलंच नव्हतं’ म्हणेल? दुसरं असेल तर अर्थ बदला.

## ३. हे कोणत्या प्रकारचं लिखाण आहे

आज्ञा, अभिवचन, नीतिसूत्र, कथा, प्रार्थना. प्रत्येकाची पाळायची रीत निराळी.

नीतिसूत्र हे शहाणपण असतं, हमीपत्र नव्हे. नीतिसूत्रे २६:४ म्हणतं मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको, आणि लगेच २६:५ म्हणतं दे. दोन्ही खरं आहे, कुठे कुठलं ते ओळखणं हेच शहाणपण. २२:६ मध्ये मुलाला योग्य मार्गाचं शिक्षण दे, म्हातारपणीही तो ते सोडणार नाही, असं आहे. हे हमीपत्र समजल्यामुळे कितीतरी आईबाप आतून खचले आहेत: मुलगा मंडळीत येत नाही म्हणजे आमचंच चुकलं. कृपा करून कुठल्याही आईला ती ओवी अशी ऐकवू नका.

कथा घडलं ते सांगते. घडलं ते सगळं करायचं असतं असं नाही. शास्ते ६ मध्ये गिदोन लोकर ठेवून खूण मागतो आणि आपल्याकडे लग्न ठरवतानाही कुणीतरी ‘लोकर ठेवतं’. पण इस्राएलाला तुझ्या हातून सोडवीन, हे देवानं गिदोनाला त्याच अध्यायात आधीच स्पष्ट सांगितलं होतं. लोकर हा त्याच्या शंकेचा भाग होता आणि देवानं ती शंका धीरानं सोसली. त्याच पुस्तकाच्या ११ व्या अध्यायात इफ्ताह नवस करतो आणि त्यापायी पोटची मुलगी गमावतो. ती गोष्ट नवस फेडायची शिकवण म्हणून वाचणं भयंकर आहे.

स्तोत्र ही प्रार्थना. स्तोत्र १३७ च्या शेवटी सूडाचे शब्द येतात. ते अंमलात आणायचे नसतात. पण इतका राग घेऊनही देवासमोर बसता येतं, हे त्यातून कळतं.

अभिवचन असेल तर ते कुणाला दिलं आणि त्याला अट आहे का, एवढं बघा.

## ४. जुन्या करारातले नियम ख्रिस्तातून पुढे न्या

इथे लोक दोन टोकांना जातात. काही जण सगळंच रद्द समजतात, काही जण सोयीचं तेवढं उचलतात. लेवीय १९ उघडून पाहा. एकाच अध्यायात शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर (१८) आहे, मजुराची मजुरी रात्रभर सकाळपर्यंत आपल्याकडे ठेवू नको (१३) आहे, शेताचे कोपरे कापू नको, ते गरिबासाठी सोड (९-१०) आहे, आणि दोन जातींच्या धाग्यांचं कापड घालू नको (१९) हेही आहे.

तीन प्रश्न विचारा. नव्या करारात हे पुन्हा सांगितलं आहे का? ख्रिस्तात हे पूर्ण झालं आहे का, जसं बलिदानांबद्दल इब्री १० आणि अन्नाबद्दल मार्क ७:१९? आणि नियम जसाच्या तसा लागू नसला, तर त्यामागे देवाला कुणाची काळजी आहे? मजुरीचा नियम याकोब ५:४ मध्ये परत येतो, आणि फार कडक शब्दांत: अडवलेली मजुरी ओरडते आहे. तो आपल्यावर थेट बंधनकारक आहे. कापडाचा नियम इस्राएलाला वेगळं राखण्यासाठी होता, तुमचा टेरीकॉटचा शर्ट पाप नाही.

## ५. सार एका वाक्यात, आणि त्यात ‘मी’ नको

‘सार’ या मथळ्याखाली एकच वाक्य लिहा. यिर्मया २९ साठी असं होईल: देव आपल्या लोकांना विसरलेला नाही, पण सोडवणुकीची वेळ तो ठरवतो, आणि तोवर त्यांनी जिथे आहेत तिथे मूळ धरून त्या जागेचं भलं करायचं आहे.

> सावध: प्रत्येक आठवड्याला तुमचं सार ‘देवावर भाव ठेवा’ असंच येत असेल, तर उतारा बदलतो आहे पण वाचन तेच आहे. पहिल्या पायरीवर परत जा.

## ६. साम्य आणि फरक, दोन्ही लिहा

आता ‘आता’ या मथळ्याखाली दोन रकाने पाडा.

समजा, एक शिक्षिका आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी, घर दुसऱ्या जिल्ह्यात, आणि आंतरजिल्हा बदलीची वाट पाहणं चाललं आहे. खोलीत सामान अजून अर्धं बांधलेलंच, शनिवारी शाळा सुटली की पहिली एसटी. तिला यिर्मया २९:११ ची चिठ्ठी आली.

साम्य: जागा तिनं निवडलेली नाही, सुटकेची तारीख तिच्या हातात नाही, आणि ‘इथलं काही माझं नाही’ या भावनेनं ती जगते आहे. फरक: ती शिक्षा भोगत नाही, तिला सत्तर वर्षांची मुदत सांगितलेली नाही, आणि बदलीचा अर्ज करायला ती मोकळी आहे.

म्हणून ११ वी ओवी तिला बदलीची हमी देत नाही. पण ५ ते ७ या ओव्या (घरं बांधा, शहराचं हित पाहा) तिच्याशी अगदी थेट बोलतात, आणि ११ वी तिला सांगते की बाबेलात विसरला नाही तो देव या गावातही विसरलेला नाही. बदलीसाठी तिनं जरूर प्रार्थना करावी, फक्त ‘वचन दिलंस’ असा दाखला देऊ नये.

फरकाचा रकाना रिकामा राहिला तर समजा की घाई झाली. फिलिप्पैकर ४:१३ परीक्षेच्या पॅडवर लिहिणाऱ्या मुलालाही हेच सांगा. पौल तुरुंगातून लिहितो आहे, आणि आधीच्या दोन ओव्यांत म्हणतो की भरपूर असो की टंचाई, दोन्हींत राहायला मी शिकलो आहे. निकाल मनासारखा लागला नाही त्या दुपारी ही ओवी त्या मुलाला जास्त लागेल.

## ७. एकच कृती: काय, कुणाशी, कधी

‘मी जास्त प्रेम करीन’ ही कृती नव्हे. शेजाऱ्याला दिसेल आणि तारीख घालता येईल, ती कृती.

शिक्षिकेची कृती अशी असू शकते: या शनिवारी लगेच एसटी न पकडता, शाळेत येईनाशा झालेल्या दोन मुलांच्या घरी जायचं, आणि रोज रात्री गावातल्या एका घराचं नाव घेऊन प्रार्थना करायची. बांधलेलं सामानही सोडायचं.

लेवीय १९:१३ आणि याकोब ५:४ वाचलंत? धुणीभांडी करणाऱ्या मावशींचा पगार १ तारखेला हातात. ‘सुट्टे नाहीत, उद्या बघू’ हे वाक्य घरातून बंद. रंगारी, गवंडी, सुतार यांचा हिशेब काम संपलं त्याच संध्याकाळी.

याकोब २:१५-१६ वाचलंत, की उघड्या-उपाशी भावाला काही न देता नुसतं ‘सुखानं जा’ म्हणून काय उपयोग? ग्रुपवर कुणी आजारी असल्याचं कळलं आणि तुम्ही हात जोडल्याचं चिन्ह टाकलंत, तर त्याच मिनिटाला फोन करून विचारा: हॉस्पिटलात डबा कोण देतंय? रात्री कोण थांबतंय? उत्तर ‘कुणी नाही’ आलं तर तुमची कृती ठरली.

इफिसकर ४:२९ वाचलंत, की तोंडातून वाईट बोल निघू नयेत? नात्यातल्या एखाद्याबद्दलचा किस्सा पुढे ढकलण्याआधी थांबायचं. आठवडाभर. फक्त एवढंच.

> सावध: कृतीचा कर्ता तुम्हीच हवा. ‘हे वचन आमच्या जाऊबाईंना ऐकायला हवं’ असं मनात आलं की वही मिटा आणि सहाव्या पायरीवर परत जा. दुसऱ्याचा गृहपाठ आपल्या वहीत लिहायचा नसतो.

## ८. एक नमुना सविस्तर: मत्तय १८, आणि उलटा पडलेला क्रम

मंडळीतल्या भांडणांवर प्रभूनं स्वतः क्रम घालून दिला आहे, आणि तोच क्रम आपण सर्रास उलटा करतो. मत्तय १८:१५-१७: तुझ्या भावानं तुझा अपराध केला तर जा, दोघंच असताना त्याला सांग. ऐकलं नाही तर एकदोघांना सोबत ने. तरीही नाही, तर मंडळीला सांग.

प्रत्यक्षात काय होतं? आधी बहिणीला फोन, मग मैत्रिणीला. मग प्रार्थनासभेत ‘अमक्यासाठी विनंती आहे’ म्हणून सगळी कहाणी. मग पाळकांच्या कानावर. आणि ज्यानं दुखावलं त्याला सगळ्यात शेवटी, तेही तिसऱ्याकडून कळतं. प्रार्थनेची विनंती म्हणून सांगितलेली चुगली ही चुगलीच असते.

हा नमुना करून पाहायचा तर असा:

जाण्याआधी मत्तय ५:२३-२४ वाचा. तिथे अपराध आपल्याकडून झाला आहे आणि तरी ‘तू जा’ असंच म्हटलं आहे. म्हणजे चूक माझी असो की त्याची, उठून जायचं मलाच आहे. ‘त्यानं आधी यावं’ याला शास्त्रात जागाच उरत नाही.

फोन करून वेळ विचारा. मेसेजवर मांडू नका, उपासना सुटल्यावर दारातही नको. घरी जा, एकटे जा. चहा येऊ द्या. मग दोन-तीन वाक्यांत सांगा: ‘दादा, त्या रविवारी सगळ्यांसमोर तुम्ही माझ्या मुलाबद्दल जे बोललात ते मला फार लागलं. मी हे बाहेर कुणाकडे बोललो नाही. तुमच्या मनात काय होतं ते ऐकायला आलोय.’ आणि गप्प बसा. ऐकायला तत्पर, बोलायला धीमा, रागाला मंद (याकोब १:१९): याची खरी कसोटी या गप्प बसण्यात आहे. मागच्या पाच वर्षांची यादी काढू नका. ज्या एका गोष्टीसाठी आलात तीच.

नाहीच ऐकलं तर सोबत नेलेला एकजण तुमच्या बाजूचा नको, दोघांनाही मान्य असणारा हवा. त्यानं तुमच्यावरही बोट ठेवलं तर तेही ऐकायची तयारी ठेवा.

उतारा इथे संपत नाही. ‘दोघे किंवा तिघे माझ्या नावाने जमले’ ही २० वी ओवी आपण उपासनेला गर्दी कमी असली की म्हणतो, पण तिची जागा या समेटाच्या बोलण्यात आहे. त्याच्या पुढे पेत्र क्षमेचा हिशेब विचारतो आणि प्रभू दोन कर्जांची गोष्ट सांगतो: धन्यानं एका दासाचं कर्ज सोडलं, पण त्या दासानं आपल्या सोबतीच्या दासाला सोडलं नाही. सोबतीच्या दासाकडून येणं होतं शंभर दिनार. एक दिनार म्हणजे दिवसाची मजुरी (मत्तय २०:२). म्हणजे तीन-साडेतीन महिन्यांची कमाई, काही थोडीथोडकी रक्कम नव्हे. तुमचं नुकसान किरकोळ आहे असं प्रभू कुठेही म्हणत नाही. पण धन्यानं त्या पहिल्या दासाला सोडलेलं कर्ज दहा हजार तालांत होतं. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, म्हणजे ते सहा लाख पटींनी मोठं. हा हिशेब मनात ठेवूनच त्या घराची पायरी चढायची.

> हा क्रम इथे लावू नका: मारहाण, लैंगिक अत्याचार, मुलांशी गैरवर्तन, धमकी. मार खाणाऱ्या बाईला ‘एकटीनं जाऊन समजाव, क्षमा कर’ असं सांगणं हा शास्त्राचा गैरवापर आहे. आधी तिला सुरक्षित जागी न्या. ११२ हा आपत्कालीन क्रमांक, १८१ महिलांसाठी, १०९८ मुलांसाठी. लहान मुलावरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणं पॉक्सो कायदा, २०१२ प्रमाणे बंधनकारक आहे, मग आरोपी मंडळीतला कितीही मोठा माणूस असो. गुन्ह्याला शासन करण्याचं काम रोमकर १३:४ राज्यसत्तेकडे सोपवतं. आणि इफिसकर ५:२२ (पत्नींनी पतीच्या अधीन असावं) कुणी ऐकवत असेल तर त्याला ५:२१ आणि ५:२५ वाचून दाखवा: एकमेकांच्या अधीन असा, आणि ख्रिस्तानं मंडळीसाठी स्वतःला दिलं तसं पतीनं द्यावं.

> औषधांबाबतही: याकोब ५:१४ प्रमाणे मंडळीच्या वडीलजनांना बोलवा, तेल लावून प्रार्थना करून घ्या. पण इन्सुलिन, फिटच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या ‘विश्वासानं’ बंद करू नका. पौलाबरोबर असणारा लूक वैद्य होता (कलस्सैकर ४:१४), आणि तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवर पौलानं त्याला थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं (१ तीमथ्य ५:२३), विश्वास कमी आहे असं म्हटलं नाही.

## ९. मोठा निर्णय असेल तर दुसऱ्याला दाखवा

मावशींचा पगार देण्यासाठी कुणाला विचारायला नको. पण नोकरी सोडणं, लग्न, कर्ज, वाटणीचा दावा अशा बाबतीत ‘मला वचन मिळालं’ एवढ्यावर निघू नका. बिरुयातल्या लोकांनी पौलाचं बोलणंसुद्धा रोज शास्त्रात तपासून पाहिलं (प्रे. कृत्ये १७:११) आणि त्याबद्दल त्यांचं कौतुकच झालं. तुमची वही पाळकांना, वडीलजनांपैकी एखाद्याला किंवा मंडळीतल्या जाणत्या बाईंना दाखवा. ‘नाही’ म्हणायची ज्यांची छाती आहे असं माणूस निवडा.

त्यांनी तीन गोष्टी बघाव्यात. हा अर्थ शास्त्रात इतरत्र स्पष्ट सांगितलेल्या गोष्टीच्या विरुद्ध जातो का? यात फायदा फक्त माझाच आहे का? आणि या निर्णयाची किंमत कोण मोजणार, मी की माझ्या घरचे? तिसऱ्या प्रश्नावर बरेच उत्साही बेत थांबतात, आणि थांबावेतच.

## १०. आठ दिवसांनी वही उघडा

कृतीसमोर तीनपैकी एक लिहा: झाली, अर्धी झाली, नाही झाली. झाली नसेल तर नवा उतारा घेऊ नका. कृती लहान करा. दादांच्या घरी जायचं धाडस झालं नाही? मग या आठवड्यात फक्त फोन करून ‘भेटायचं आहे’ एवढं सांगा. दोन आठवडे फोनही झाला नाही, तर कशाची भीती वाटते ते वहीत लिहा आणि तीच प्रार्थना करा.

कृती झाली का हे निकालावरून ठरवू नका. तुम्ही गेलात, नीट बोललात, आणि दादांनी दार लावून घेतलं, तरी वहीत ‘झाली’ असंच लिहायचं. रोमकर १२:१८ मध्ये ‘शक्य असेल तर’ आणि ‘तुमच्याकडून होईल तितकं’ अशा दोन मर्यादा पौलानं घातल्या आहेत. समोरच्याचं मन बदलणं तुमच्या यादीत नाही. त्याच्यासाठी प्रार्थना करणं, आणि पुढच्या रविवारी तो दिसला तर आधी ‘जय ख्रिस्त’ म्हणणं, एवढं आहे.

मग तारीख घाला, आणि पुढचा उतारा त्याच पुस्तकातला, क्रमानं पुढे येणारा घ्या.